हार घालायचा फोटो

मोरेवाडीच्या चित्रनगरीतून एक पोरगा आला, गळ्यात ओळखपत्र.
म्हणाला, मालिकेत सासू वारलीय,
भिंतीवर लावायला फोटो पाहिजे, उद्या सकाळपर्यंत.
थोडं हसू चालेल,
पण बाई जिवंत वाटता कामा नये.

वत्सला हुपरीकर माझ्या स्टुडिओतल्या स्टुलावर बसल्या.
मंगळवार पेठ, पहिला मजला, खाली गाड्यांच्या सीटकव्हरचं दुकान.
वय ब्याऐंशी.
दिव्याकडे एकदाच बघितलं
आणि हनुवटी बोटभर डावीकडे नेली.
चाळीस वर्षं मी लोकांच्या हनुवट्या वळवतोय,
हिला हात लावावा लागला नाही.

"पहिल्या पिच्चरात माझे निस्ते पाय हुते," त्या म्हणाल्या.
नायिकेच्या टाचांना भेगा,
म्हणून जिना उतरायला हुपरीची पोर आणली.
पैंजण बापानं घडवलेले.
पैंजणांचं भाडं तीन रुपये, पायांचे दोन.
बाप सहा वेळा थेटरात जाऊन आला, पैंजण बघायला.
आई एकदाच गेली,
आणि रंगाच्या थराखालचा तो डाग तिनं ओळखला,
चांदीची मूस कलंडली होती तेव्हाचा.

मग नाटक. एसटीच्या टपावर पडदे,
गडहिंग्लज, निपाणी, चंदगड.
विंगेतून हाक मारणारी आई,
विंगेतून रडणारी शेजारीण.
"माझी एन्ट्री यायची तवर
लोक चपला हुडकाय लागल्याली असायची."

एकदा कागलला नायिकेला कावीळ झाली.
आयत्या वेळी हिला उभी केली.
दोन अंक निभावले, तिसऱ्यात वाक्य गेलं.
प्रॉम्प्टर बिडी ओढायला बाहेर.
उभी राहिली नुसती. हात लोंबते.
मांडव एवढा गप्प झाला
की मागून कोणीतरी म्हातारा बोलला,
"पोरी, बस जरा."

"आन् मी बसले.
नाटकात बसायचं न्हवतं."

त्या रात्रीचा एकही फोटो नाही.
मी तेव्हा सहा वर्षांचा, याच पेठेत, गोट्या खेळत असेन.
उगाच राग आला स्वतःचा.

मध्येच मुलाचा फोन, पुण्याहून.
आई, जिवंतपणी हार नको, बरं दिसत नाही.
"आरं, तीनदा बाळंतपणात मेलेय,
दोनदा पंचगंगेत,
एकदा वाघानं खाल्लंय, वाघ दावला न्हाई ते सोड.
फोटोला काय भ्यायचं?"
फोन ठेवला आणि पोराकडे वळल्या,
"रोजचे किती?"
"फोटोला रोज नसतो, आजी. ठोक असतं."
"मालिका किती चालंल?"
"चालली तर हजार भाग."
"म्हंजे हजार दिवस मी कामावर,
आन् तुमी मला मेल्याली म्हनता."
पोरगा खाली मान घालून मोबाईल चाळत राहिला.

फोटो काढला. त्यात मेल्याचं काहीच नव्हतं.
रात्री कंप्युटरवर मी तिच्या डोळ्यांतला उजेड
दोन घरं कमी केला.
ते पैसे घेताना हात जड झाला, एवढंच सांगतो.

पण ते रात्री. दुपारी, जायच्या आधी,
त्या स्टुलावरून उठल्या. "आता एक माझा काढ.
मागं सरक. आख्खी येऊ दे."
सरकलो. पाठ भिंतीला लागली.
घोट्याखालचं कापलं जात होतं.
अजून मागं, म्हणाल्या.
दार उघडलं, जिन्याच्या दोन पायऱ्या उतरलो,
कॅमेरा उंबऱ्याच्या उंचीवर,
तेव्हा कुठं त्या मावल्या,
चौकटीत, डोक्यापासून चपलेपर्यंत.
चपला पापाच्या तिकटीच्या, नव्या, कुरकुरणाऱ्या.

"थांबा, हलू नका," मी म्हणालो.
खालून सीटकव्हरवाला ओरडत होता,
कुणाची स्कूटर हाय ही, काढा आधी.