सही

तीस वर्षं ताळगावच्या पठारावर
मी सामाजिक करार शिकवला.
कोणी केला, कोणाशी,
आणि सह्या होताना बायका कुठं होत्या
हे फळ्यावर लिहून
खडू ठेवायचे, पंखा ऐकायचे.

चहा करत होत्या, असं एकदा
मागच्या बाकावरून केप्याची सुमती वेळीप म्हणाली.
वर्ग हसला. ते वाक्य मी पुस्तकात
तळटिपेत घेतलं. तिचं नाव घालायचं राहिलं.

राहिलं.
विसरणं हेही काम असतं,
आत बसून कुणीतरी ते नेमानं करतं,
असं मीच सांगत आले, संदर्भांसकट.

आज केबिन रिकामी करताना
खणातून पेनं निघाली, सत्तेचाळीस.
सगळी दुसऱ्यांची.
हे हिरवं, टोपण चावलेलं,
म्हापशाचं.

नोटरीची कचेरी, वय तेवीस,
भावाचं लग्न तोंडावर.
आई म्हणाली, सगळ्याच मुली करतात गो.
हक्कसोडीचा कागद. मी वाचला. मला समजला.
एवढंच अजून कुणाला सांगितलेलं नाही,
की समजला होता.
पेन भावाचंच मागून घेतलं.
सही सुंदर आली.

रोझारिओ खोका घेऊन दारात:
मॅडम, हीं पेनां कोणाचीं?
थांब, म्हटलं, चालवून बघते.
पुस्तक उघडलं, पान एकशे बारा, समास.
हिरवं कोरडं. दुसरंही.
तिसऱ्यानं
'सु' उमटला.