शेऱ्याचा रकाना

टाबोर्निक, नेब्रास्का. वस्ती तीनशे बारा.
पोस्टामागे कुंपणाच्या कोपऱ्यात
पाऊस मोजायची एक नळी.
रोज सकाळी सात वाजता कुणीतरी तिच्यात डोकावतं,
गेली एकशे चौतीस वर्षं.
सध्या ते कुणीतरी मी आहे.

वहीत पाच रकाने. तारीख, कमाल, किमान, पाऊस,
आणि शेवटी शेरा, जेमतेम अंगठ्याएवढा रुंद.
त्यात जे मावलं तो आमचा इतिहास.

ओटोकार व्हर्बकाचं अक्षर बारीक, उजवीकडे कललेलं,
वाऱ्यात उभं राहून लिहिल्यासारखं.
जानेवारीच्या एका पानावर त्याचा शेरा:
‘हिमवादळ. दोर तोकडा पडला.’
घरापासून गोठा बेचाळीस हातांवर, दोर चाळीस हात,
हे पुढे त्याच्या सुनेनं सांगितलं.
दोराच्या टोकाला कोण होतं
ते टेकडीवरच्या दगडावर आहे. आंतोनिन, वय अकरा.
दोन हातांसाठी त्यानं दोर सोडला.
गाय वाचली.

तिसाच्या दशकातली पानं अजून झटकावी लागतात.
वहीच्या शिवणीत धूळ आहे,
कुणाच्या शेतातली, सांगता येत नाही.
तेव्हा नोंदी लिबुशेकडे होत्या.
पाऊस शून्य. पाऊस शून्य. पाऊस शून्य.
एकदा, ‘चिखल पडला, चार थेंब.’
आणि एका मंगळवारी, कुणी विचारलं नसताना,
‘कोंबड्या दुपारीच झोपायला गेल्या. मीही.’

ओढ्याला आम्ही ओढाच म्हणतो.
त्यालाही तसंच वाटत असावं,
सत्तेचाळीसच्या जूनपर्यंत.
त्या रात्री क्रेय्चींचा पियानो चौकात येऊन टेकला,
सकाळी त्याच्यावर एक डुक्कर उभं होतं.
चर्चच्या भिंतीवर पाण्याची रेघ राहिली,
रंगारी तेवढी जागा अजून सोडतात.
पोरं तिला पाठ लावून उभी राहतात.
‘यंदा मी पुराहून उंच!’ माझी भाची ओरडली,
टाचा उचलून.
इंजिनियर म्हणाले होते, असा पूर शंभर वर्षांतून एकदा.
तो अकरा वर्षांनी परत आला.
मोजता येत नसेल बिचाऱ्याला.

पंचाहत्तरच्या मेमध्ये टोर्नेडोनं
शाळेचं छप्पर नेलं, सतरा घरं नेली,
आणि ही नळीही.
त्या दिवशीचा शेरा: ‘मापक नाही.’
तीन आठवड्यांनी टपालानं एक खोका आला.
साठ मैलांवर कुणाच्या तरी बीटाच्या शेतात
नळी सापडली होती, उभीच्या उभी.
सोबत चिठ्ठी: आत सव्वा इंच पाणी होतं,
ओतण्याआधी मोजलं. तुम्हाला लागेल.
तो पाऊस कुणाच्या नावावर मांडायचा
यावर गावसभेत दोन तास भांडण झालं.
गेलेल्या चौघांचं नाव त्या दोन तासांत
कुणीही काढलं नाही.
वहीत तो सव्वा इंच पेन्सिलीनं आहे.

आता गावाला दीडशे वर्षं होतायत,
समितीला हमरस्त्याच्या कडेला फलक हवाय.
चार संकटं, चार चित्रं, खाली सनावळी.
मला विचारतात, गारपीट धरायची का?
आता काय सांगू? पेत्राशांच्या फ्रीझरमध्ये माशांशेजारी
एक गार आहे, एकोणतीस वर्षांची.
वीज गेली की म्हातारा
आधी तिला बर्फात गुंडाळतो, मग मासे बघतो.

काल होलूबच्या दुकानात गेले होते.
चाळीस हात दोर मागितला, फलक उभा करताना बांधायला.
त्यानं चाळीस मोजला,
मग मान वर न करता आणखी दोन हात,
आणि तिथे कापला.
पैसे चाळीसचेच.
बाहेरगावच्या गिऱ्हाइकांना वाटतं, माणूस दिलदार आहे.
मी विचारलं, तर खांदे उडवले.
बाप असाच द्यायचा, म्हणाला. आणि त्याचा बाप.

आज सकाळी पाऊस शून्य. नळीत एक कोळी.
त्याला बाहेर काढलं,
आणि शेऱ्यात तेवढंच लिहिलं.