चौकशी

एकतीस वर्षं मी नाशिकच्या जुन्या सीबीएसवर
चौकशीच्या खिडकीत बसलो.
जाळीला पंजाएवढं भोक, त्यातून
नुसते आवाज यायचे, आणि तंबाखूचा वास:
पेठ कुठं लागते, सटाणा गेली का,
साहेब, वणीला जादा सोडणार का हो.
वर न बघता सांगायचो.
कुमुद सकाळी म्हणायची,
रात्री झोपेत तुम्ही नांदगावला गेलात, मनमाडमार्गे.

आता सुनीती म्हणते, बाबा, या.
ती असते पोर्तो एस्कोंदिदोला.
म्हणजे म्हणे लपलेलं बंदर.
वाळूतली कासवाची अंडी मोजते,
त्याचा पगार मिळतो.

वहीच्या पानाचा फोटो आलाय. तीन रस्ते.
एक, मुंबईहून विमान, मग विमान, मग
मेक्सिको शहरातून छोटं विमान, तासाभराचं.
शेजारी लिहिलंय, खिडकीशी बसा,
शेवटी एकदम निळं दिसेल.
दोन, वाहाका गावापर्यंत उडायचं,
पुढं बस, डोंगरातून.
तीन, वाहाकाला ती स्वतः मोटार घेऊन येईल
आणि नव्या रस्त्यानं नेईल. जेवायला घरी.

मला बसचा पटला.
विचारलं, घाट केवढा?
जुना रस्ता सात तास, म्हणाली, नुसती वळणं,
निघतानाच पिशव्या वाटतात.
अगं, कसारा काढलाय मी,
सप्तशृंगीच्या वळणांवर अख्ख्या गाडीला
माझ्या खिशातल्या आवळासुपारीनं तारलंय.
चहाला थांबते का?
थांबते.
कुठं?
ते तिला माहीत नव्हतं.
तिथल्या गाडीत कंडक्टर नसतो
हे कळल्यावर मात्र
मी जरा वेळ बोललो नाही.

कुमुदचे प्रश्न वेगळे.
मेथीचे लाडू अडवतील का.
इतके तास लोंबकळून पाय सुजले तर.
आणि पोरगी तिथं कोणाबरोबर राहते,
हे तिनं मला विचारलं, पोरीला नाही.

दुपारी लाडवांच्या खोक्याचा पुठ्ठा कापून
मी रीतसर पाटी करायला घेतली.
नाव एका ओळीत मावेना.
डेपोतला इसाक पेंटर असता तर त्यानं
पो. एस्को. करून बसवलं असतं,
वर टिंबाला लाल फूल काढलं असतं.
मी आपलं जाड पेनानं लिहिलं:
नाशिक सुटणार. मुंबई पोच. मेक्सिको पोच.
वेळा टाकल्या. मार्गे टाकलं.
शेवटचा रकाना आखला, परत,
आणि पेन उघडं तसंच राहिलं.

एकतीस वर्षांत खिडकीवरचा कुठलाही माणूस
हे विचारल्याशिवाय हलला नाही.
घोटीची एक बाई, कडेवर तापलेलं पोर,
डॉक्टरची चिठ्ठी दातात धरलेली,
ती चिठ्ठी काढून हातात घेतली तिनं, एवढं विचारायला:
परतीची शेवटची किती वाजता?

सुनीतीच्या पानावर तिन्ही रस्ते जाणारे.
सहा महिन्यांसाठी गेली होती.
हे चौथं वर्ष.

रात्री फोनवर मी विचारलं. सरळच.
लाईन तुटली नव्हती,
मागं कसला तरी आवाज येत होता,
पत्र्यावरून धान्य ओतावं तसा,
मग कळलं, समुद्र आहे तो.
बाबा, तुम्ही आधी या तर, म्हणाली.

ओळखीचं वाटलं मला ते उत्तर.
माझंच होतं.
पुढच्या गाडीचा पत्ता नसला की
मी जाळीतून सांगायचो,
आधी बसा तर, पुढचं मनमाडला विचारा.

काल व्हिसाचे फोटो काढून येताना
सहज स्टँडवर डोकावलो.
खिडकी बंद. वर लाल अक्षरं पळतात,
वाचेस्तोवर जातात.
एक पोरगा, पाठीवर सॅक, ऐन माणसांच्या गर्दीत
नेमका माझ्याकडेच वळला,
काका, डहाणू कुठं लागते?
फलाट सांगितला. जव्हारमार्गे, म्हटलं,
डावीकडं बस, ऊन लागणार नाही.
तो निघाला.
मी मागून हाक मारून त्याला
परतीची शेवटची पण सांगितली.
त्यानं विचारलं नव्हतं.