साखर

गुरुवारी फार्मसी सहाला बंद, साडेसहाला मी रेंजवर.
चिलिकॉथीच्या बाहेर पशुखाद्याच्या गोदामामागे
पत्र्याची लांबट शेड, आत सात गल्ल्या
आणि डार्लीन.
एकतीस वर्षं शाळेची बस चालवली तिनं,
अजूनही आरशातून मागची पोरं मोजावीत तसं बघते.

समोरचा कागद पुसट होऊ दे, ती म्हणते,
नळीच्या टोकावरचा दाणा तेवढा स्पष्ट हवा.
त्या दाण्याला माझा मामा माशी म्हणायचा.
धुळ्याला राखीव दलात होता,
वर्षातून एकदा बंदूक उडवायचा, उरलेलं वर्ष पुसायचा.

चाप मला केसांतला ठाऊक होता.
आता तो बोटाच्या पहिल्या पेराखाली,
आणि ओढायचा नाही म्हणे, दाबत जायचं,
सुटेल कधी ते आपल्यालाही कळता कामा नये.

दिवसभर गोळ्या मोजते मी,
निळ्या ताटलीत, पाच पाच, पातीनं सरकवत.
संध्याकाळीही तेच. दहा भरल्या, दहा गेल्या.
श्रीरंगला हा विनोद वाटत नाही.

तो आला तेव्हा फेब्रुवारी होता.
हिरवं जाकीट, ओठ फुटलेले.
प्रिस्क्रिप्शन द्यावं तशी चिठ्ठी सरकवली.
स्पेलिंग चुकलं होतं, मी मनात दुरुस्त केलं,
मग कपाट उघडलं.
तीन बाटल्या घेऊन जाताना तो थँक यू म्हणाला.
बाकी सगळं विसरत चाललेय,
ते थँक यू जात नाही.

तर तेव्हापासून उजव्या कमरेला हे.
साडीत बसत नाही, निऱ्या एका अंगाला झुकतात,
म्हणून कुडते, एक माप मोठे.
खाली वाकायचं ते गुडघ्यांतून.
कुणी मिठी मारायला आलं की डावा खांदा पुढे.

हेमलता मोघे डावीकडून येणारी बाई नव्हे.
कोलंबसला, तिच्याच बेसमेंटमध्ये, संक्रांतीचं हळदीकुंकू,
तिनं दोन्ही हातांनी कवटाळलं आणि थांबली.
हे काय गं, कडक?
इन्सुलिनचा पंप, मी म्हणाले.
दीड सेकंदसुद्धा लागला नसेल.
डार्लीननं पाठ थोपटली असती.

हातावरचा तिळगूळ तिनं परत उचलून घेतला.
गोड बोल फक्त, म्हणाली, आणि डोळे पुसले.
तिच्या आईचा पाय साखरेनं गेला होता, गुडघ्यापर्यंत.
हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

मग माझ्यापुढे वेगळी वाटी येऊ लागली,
चहा वेगळ्या कपात.
पोस्टानं मेथीदाणे आले, मागून कारल्याची पूड.
दर रविवारी नऊला फोन:
साखर कशी आहे?
आटोक्यात, मी म्हणते. मी, फार्मासिस्ट.

चातुर्मास लागला तेव्हा तिनं कळवलं,
तुझ्यासाठी नेम धरलाय, चार महिने गोड बंद.
फोन ठेवून मी किती वेळ ओट्याशी उभी होते.
माझाही नेम आहे, सात यार्डांवर,
पाचातल्या चार काळ्या वर्तुळात.
बोलणार होते. दोनदा नंबर लावला.
पहिल्यांदा ती देवळात होती,
दुसऱ्यांदा मी.

दिवाळीत श्रीरंगनं मोघ्यांकडून
रुमालात एक बालुशाही चोरून आणली.
मी ती गाडीत खाल्ली, रेंजच्या दाराशी, काचा वर करून,
तेरा वर्षांच्या पोरानं सिगरेट ओढावी तशी.

मग आत गेले. डार्लीननं पिस्तूल खोललं,
नळी दिव्याकडे धरली, स्लाइडवर बोट फिरवलं,
खाचेत अडकलेला पांढरा कण नखानं काढून म्हणाली,
हे काय, मीठ?
साखर, मी म्हटलं.
दोन वर्षांत पहिल्यांदा खरं.

तिनं चिंधीनं पुसलं, परत पुसलं.
मुंग्या होतील, हनी, म्हणाली,
आणि गल्ली क्रमांक तीनचा दिवा लावला.