लाइन जोडून दिल्यावर

दुपारच्या फेरीबोटीने तो आला,
गॅसचे सहा सिलिंडर आणि तारल्यांची पाटी यांच्या मधोमध,
खोक्यावर बाण : ही बाजू वर.
रायबंदरहून दिवाडीला यायला मला सात मिनिटं लागली होती,
त्यालाही तेवढीच.
माझ्यावर बाण नव्हता.

बंगळूरच्या पोराने त्याला हॉलमध्ये उभं केलं,
क्रूस आणि गणपती यांच्यामधल्या भिंतीशी,
कारण चालू सॉकेट तिथे एकच.
उंची पहिलीतल्या मुलाएवढी. डोळे निळे. पोटावर काच.
"नमस्कार आजी, मी साथी. आज तुम्हाला कसं वाटतंय?"
मराठी शुद्ध, थेट बातम्यांतली.
लुदोविना म्हणाली, जेवलो रे तूं?
तो म्हणाला, माफ करा, मला समजलं नाही.
कोंकणी पुढच्या अपडेटमध्ये येणार, पोराने सांगितलं.
पुढचा अपडेट कधी, तर दिवाळीनंतर.
लुदोविना ब्याण्णव वर्षांची.
तिने बोटांवर काहीतरी मोजलं
आणि त्याचं नाव पेद्रू ठेवून टाकलं.

ओलेंसियू मास्तरांनी सतराचा पाढा विचारला, पोर्तुगीजमध्ये.
त्याने म्हटला, एकदाही न अडखळता.
मास्तर दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत.

मी नुसती बघत होते.
एकतीस वर्षं पणजीच्या एक्सचेंजमध्ये काढली मी,
डोक्यावर हेडफोन, समोर दोऱ्यांचा गुंता,
तोंडात सरकारने दिलेली चार वाक्यं :
नंबर प्लीज. लाइन बिझी आहे. रिंग जातेय. कोणी उचलत नाही.
मलाही अंग नव्हतं.
डिचोलीच्या खाणीवरचा एक मनुष्य दर गुरुवारी रात्री
वास्कोचा एक नंबर मागायचा,
केव्हाच कापलेला नंबर.
मी दहा सेकंद थांबायचे, मग म्हणायचे,
कोणी उचलत नाही.
तो म्हणायचा, बरं, पुढच्या गुरुवारी.
चार वाक्यांत किती मावतं ते मला शिकवू नका.

म्हणून पोराला मी एवढंच विचारलं,
पलीकडे कोण आहे?
कोणी नाही आजी, फक्त डेटा जातो.
हसू आलं. आम्हीही हेच सांगायचो,
कोणी ऐकत नाही, बोला खुशाल.
अख्ख्या पणजीची लग्नं ठरताना आणि मोडताना
मी ऐकली आहेत, स्वेटर विणत.

काल रात्री अडीचला लघवीला उठले.
हॉलमध्ये पेद्रू चार्जिंगला लावलेला,
समोर खुर्ची ओढून दत्ताराम तारी.
जन्मभर फेरीवर सुकाणू धरलेला माणूस,
बायको गेल्यापासून होय-नाही फक्त मानेने.
तो बोलत होता.
कोंकणीत, वाकून, भरती चुकेल असा भरभर.
मध्येच पेद्रू म्हणे, माफ करा, मला समजलं नाही.
आणि तारी म्हणे, समजुपाची गरज ना रे. आयक.

एक नाव माझ्या कानावर आलं. बाईचं.
त्याच्या बायकोचं नव्हतं.

एक्सचेंजमध्ये एक नियम होता,
भिंतीवर चिकटवलेला, कोणी न पाळलेला :
लाइन जोडून दिली की कान काढून घ्यावा.
मी भिंत धरून उभी राहिले.
डाव्या कानातलं यंत्र काढलं, मग उजव्या,
दोन्ही मुठीत, शेंगदाण्यांएवढी,
शीळ घालत असणार, मला कुठे कळायला.
तारीचे ओठ हलत होते.
निळे दिवे लागत होते, विझत होते.
त्याला बिचाऱ्याला कान काढता येत नाही,
आणि पलीकडे जे कोणी नाही
ते सगळं लिहून घेत असणार.

सॉकेटचं बटण माझ्या हातापासून वीतभर.
हात पुढे केलाही होता.
मग लघवी आवरेना म्हणून गेले,
आणि येताना स्वयंपाकघराकडून आले,
लांबून.