गाठ

तू रांगायचीस तेव्हा बांधली ही दोरी :
एक टोक तुझ्या कमरेला, एक पलंगाच्या पायाला,
चुलीच्या हातभर अलीकडे संपणारी.
बाहेर गोबीचा वारा, शेळ्या, धारेला बसलेली मी.

परवा आत आले
तर दोरी जागेवर, तू दारात,
एका पायात बापाचा बूट.
"कुणी सोडली गं?"
"झूल."
अख्खं खोंगोरझूल अजून जिभेवर मावत नाही.

दोन वर्षांची व्हायला एक पुनव उरली.
मग जावळ. निळं रेशीम बांधलेली कात्री
आजोबांनी आत्ताच काढून ठेवलीय.

आज नवी गाठ मारली, अवघड.
तू मांडीत बसून
माझी बोटं बघत होतीस,
श्वास रोखून.

मी जरा सावकाशच मारली.