उतारा

शनिवारी दुपारी, खानापुरात,
झेरॉक्सच्या दुकानावरल्या खोलीत
मी अकरा पोरांना वाचायला शिकवते.
वाचायला म्हणजे, वर्तुळं काळी करायला.

पहिलं वाक्य बघा. शेवटचं बघा.
मधे कुठं 'पण' आला तर तिथं थांबा.
'पण'च्या अलीकडं लेखक पाहुण्यासारखा बोलतो,
पलीकडं घरच्यासारखा.
मग विचारा, हे लिहिलं कशाला असेल?
माहिती द्यायला, पटवायला, की नुसतं रमवायला?
आणि भिंतीवर खडूनं एक नियम:
जे उताऱ्यात नाही, ते खरं असलं तरी चूक.

उतारा क्रमांक तीन. मलप्रभेकाठचा कुणी माणूस
साकव किती वेळा वाहून गेला ते मोजतो.
नुसते बांबू, वेल, गाठी,
कुठल्या साली कुणाची म्हैस.
अगदी खाली एक ओळ: पण यंदा पलीकडच्या शाळेत
आमची बावीस पोरं आहेत.
दहा जणांनी लिहिलं, साकवाची माहिती देणे.
वैजनाथ घाडी म्हणाला,
'बाई, तो पूल मागूलाय की.'
'कुठं मागितलाय रे?' शेजारच्या मुक्तानं विचारलं.
'तोंडानं मागवत नाही म्हणून तर
एवढ्या गाठी सांगूलाय.'

त्याच्या घरी उतारा म्हणजे दुसरंच.
थोरला काका अमावास्येला तिकटीवर ठेवून येतो,
भाताचा मुटका, लिंबू, टाचणी, कुंकू.
'आणि त्या उताऱ्याचा मुख्य हेतू?' मी थट्टेनं विचारलेलं.
तो हसला नाही.
'ज्याचं त्याला देऊन टाकायचं.
आन् मागं वळून बघायचं नाही.'

मंगळवारी शाळा बुडवून तो आईबरोबर
नाडकचेरीत गेला. तिसऱ्या उताऱ्यासाठी.
आई काजूच्या कारखान्यात फोडणीला आहे,
टरफलाच्या तेलानं बोटांवरच्या रेषा गेल्यात,
यंत्र तिचा अंगठा ओळखत नाही.
कागद कानडीत. पोराला कानडी येतं,
शाळेत आहेच, शिवाय तो क्रिकेट कानडीत खेळतो.
खिडकीला टेकून त्यानं तिला वाचून दाखवलं:
सर्वे नंबर. एकर, गुंठे.
मातीचा प्रकार. पाण्याची सोय, नाही.
मग नावांचा रकाना.
काकाचं नाव. काकाच्या मुलाचं.
गेल्या वर्षी वारलेल्या आप्पाचं होतं,
तिथं आता नव्हतं.
'आन् माझं?' आईनं विचारलं.
त्यानं पहिली ओळ बघितली. शेवटची बघितली.
कानडीत 'पण'ला 'आदरे' म्हणतात.
तेही कुठं नव्हतं.

हे मला त्यानं नाही, मुक्तानं सांगितलं,
जिन्यावर, चपला घालता घालता.

आज तो वेळेवर आला. पेन्सिलीला टोक केलं.
उतारा क्रमांक सात, मधमाश्यांचा, सोपा.
त्यानं चार वर्तुळं तशीच ठेवली
आणि त्यांच्या शेजारी एक पाचवं काढलं,
बांगडीएवढं नाही, पण मोठंच.
मी म्हटलं, 'वैजू, हे यंत्राला दिसत नाही रे.'
'ठाऊक हाय की बाई,' तो म्हणाला,
आणि ते कडेपर्यंत, सावकाश,
कुठं पांढरं न ठेवता काळं करत राहिला.

भिंतीवरचा नियम मी पुसलेला नाही.
परीक्षा बावीस तारखेला आहे,
आणि बाकी दहा पोरांना तो लागतो.
मी हातात डस्टर घेऊन उभी राहिले, एवढंच.
खाली मशीन सुरू झालं.
फरशीतून त्याची ऊब पायांना लागते.
कुणीतरी कसल्यातरी उताऱ्याच्या
तीन प्रती काढत होतं.